डॉक्टरऐवजी मी

मी एक शेकायची पिशवी. लाल रबराची, तोंडाला घट्ट बूच. कारखान्यात माझ्या पोटात गरम पाणी भरून, मला उलटी टांगून, दाबून पाहिलं, मगच मी बाहेर पडले. बाईच्या पोटाची एवढी तपासणी कुणी करत नाही, हे मला पुढे कळलं.

मला आणलं घरधन्यासाठी. तो मालाची गाडी चालवायचा. एकदा खोकं उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली आणि सगळं घर हललं. त्याच दिवशी हाडांचा डॉक्टर झाला, फोटो निघाला, पट्टा आला, गोळ्या आल्या आणि वर मी. थोड्याच दिवसांत गडी हिंडूफिरू लागला. औषधाने औषधाचं काम केलं, मी माझं.

मग मी त्याच्या बायकोच्या वाट्याला आले.

ती पुढच्या खोलीत शाळेचे गणवेश शिवायची. मदतीला दोघीजणी होत्या. एक कापायची, दुसरी काज-बटणं करायची. घराचं भाडं, किराणा, मुलीची शाळा, सगळं त्या मशीनवर चालायचं. तरी घरात त्याला 'तिचा विरंगुळा' म्हणत.

तिला पाळीत फार रक्त जायचं. खुर्चीवर जुन्या चादरीची घडी टाकून बसायची, उठताना आधी मागे वळून बघायची. एका हाताने मला ओटीपोटाशी दाबायची, दुसऱ्या हाताने कापड सरकवायची.

एकदा जेवताना तिने विषय काढला. "अहो, डॉक्टरकडे जायचंय. पोटात काहीतरी हाताला लागतंय."

"हा हंगाम जाऊ दे," नवरा म्हणाला. "पिशवी आहे ना घरात? शेक जरा."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही. "बाईच्या जातीला हे चालायचंच. आम्ही कुणाला सांगत बसलो?" बोलताना त्यांचा हात स्वतःच्याच कमरेवर होता.

हंगाम गेला, दुसरा आला. एकदा ती एकटीच जायला निघाली, तर शाळेचा माणूस गणवेश मागायला दारात उभा. चपला काढून परत मशीनवर बसली. लोक म्हणतात, तिने दुखणं अंगावर काढलं. खरं तर माझ्या अंगावर काढलं.

शेवटी ती मशीनवरच कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्तच उरलं नाहीये. गाठी आहेत. वेळेत आला असता तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं."

गर्भपिशवी काढावी लागली. एक पिशवी गेली, दुसरी मी तिच्या उशाशी राहिले.

"अगं, आधी नाही का सांगायचं?" नवरा म्हणाला.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही पिशवी दिलीत."

नंतर बरेच महिने तिला मशीनवर बसवेना. शाळेने काम दुसरीकडे दिलं. मदतीच्या दोघी घरी बसल्या, त्यांच्याही चुली थंडावल्या. स्वयंपाक मुलीच्या गळ्यात पडला आणि तिची शाळा सुटली. घरमालक दारात आला, तेव्हा नवऱ्याला विरंगुळ्याचा अर्थ कळला.

एका सकाळी मुलगी पोट धरून बसली. सासूबाई मला भरून घेऊन आल्या. आई भिंतीला धरून उठली आणि तिने मला बाजूला सारलं.

"चप्पल घाल," ती मुलीला म्हणाली. "डॉक्टरकडे जाऊ."

"तुला नीट उभं राहवत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच जातेय."

दोघी परतल्या त्या गोळ्या घेऊन. वेळेत दाखवलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली. आई आता मशीनवर बसते, पण अर्धाच दिवस. कापणारी परत आली, दुसरी आली नाही.

दोघी डॉक्टरकडून आल्या त्याच रात्री सगळं आवरल्यावर सासूबाई सुनेजवळ येऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझंही विचारशील का गं डॉक्टरीणबाईंना? फार वर्षं झाली."

सुनेने होकारार्थी मान डोलावली.

मी आता खिळ्याला लटकते. रबर कडक झालंय, घडीवर चिरा गेल्यात. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला जरूर भरा, जरूर शेका. पण आधी तुमच्या बाईला डॉक्टरकडे नेऊन आणा.