भुकेचं बटण

नवघरच्या लग्नाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर ब्रेनगुरू महाराज एकेकाच्या मानेत अंगठा रुतवत होते. "भूख का बटन दिमाग में है, बच्चा! हमने बंद कर दिया. अब शुगर भी गई!" वर प्रत्येकाला पुड्या. रोज सकाळी एक, पाण्यातून.

रांगेत गुणवंत सामंतही होते. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेले, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांची हयातभर टिंगल केलेले. पण बटण मेंदूत आहे म्हटल्यावर सरांना ते चक्क शास्त्रीय वाटलं.

आठवड्यात सरांची रक्तातली साखर दोनशे चाळीसवरून एकशे दहावर आली. सरांनी स्वतःच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि सोसायटीतल्या अकरा जणांना हॉलवर नेलं. रोज अकराच्या सुमाराला त्यांना मरणाची भूक लागे, हात थरथरत, घाम फुटे. "विष बाहेर पडतंय," उभ्या उभ्या लाडू खात ते बायकोला, मनोरमाबाईंना समजावत.

मग शेजारच्या सुगंधाताई जिन्यात कोसळल्या. त्या पुडीसोबत आपल्या गोळ्याही घेत होत्या. साखर अडतीस! उत्तनच्या डॉक्टर लिनेटने सलाइनमधून ग्लुकोज देऊन त्यांना शुद्धीवर आणलं. सरांनी स्वतःचीही हकीकत सांगितली.

"अंकल, बटण बंद होतं, तर भूक कशी लागली?" लिनेटने विचारलं.

"मला वाटलं, विष बाहेर पडतंय," सर म्हणाले.

"मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो. पोट, स्वादुपिंड, सगळीकडून त्याला निरोप जातात. रक्तातली साखर घसरली की तो भूक लावतो, थरथर आणतो. तो वाचवा म्हणून ओरडत होता आणि तुम्ही त्याला विष म्हणालात. अंगठा आणि पुडी वेगवेगळी करून बघितलीत?"

हा धडा सर आठवीला शिकवत: एका वेळी एकच गोष्ट बदला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिनेटच्या देखरेखीखाली चार दिवस नुसता अंगठा घेतला, पुडी नाही. साखर दोनशे बत्तीस! लिनेटने तपासायला पाठवलेल्या पुडीचा प्रयोगशाळेचा अहवालही आला: तिच्यात मधुमेहाच्याच गोळ्या कुटलेल्या. लिनेटने पोलिसात तक्रार दिली.

रविवारी सरांनी हॉलच्या स्टेजवर चढून माइक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. महाराज "झूठ! झूठ!" ओरडत राहिले.

पहिल्या रांगेतून सुगंधाताई उठल्या. "पण सर, आम्हाला इथं आणलं कोणी?"

"मी," सर म्हणाले. "विज्ञान शिकवून मीच प्रश्न विचारायचं विसरलो. पुडी थांबवा, आजच डॉक्टरांना दाखवा. आणि आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हा अहवाल घ्या, वाचा, शंका येईल ती मला विचारा."

ताईंनी अहवालासाठी हात पुढे केला.