खरवडलेल्या गुंजा

"अख्खी गुंज गिळली तर एखाद्या वेळी तशीच बाहेर पडेल. पण कवच खरवडलंस, की विषाला दार उघडून दिलंस. घरात लेकरू आहे, सांभाळ."

बिया हातावर ठेवताना मावशीनं बजावलं होतं. भाचीनं ते हसण्यावारी नेलं. "मावशी, ती अजून कुशीवरही वळत नाही गं! आणि मी काय आंधळी आहे?"

आंधळी ती नव्हतीच. बाळाला साधं घामोळं उठलं तरी नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घ्यायची. नवरा तिला चौकीदारच म्हणायचा.

पण ती राहायची तिथली हवा अशी कोरडी, की लंगोट दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळून कडक. दमट मुलखातली ती वेल रुजणार कशी? सकाळी भिजवलेली माती दुपारी भेगाळायची. दोन-तीन खेपा वाया गेल्यावर तिच्यातली वनस्पतिशास्त्राची पदवीधर इरेला पेटली. पाणी आत शिरावं म्हणून नखांच्या कानशीनं तिनं एकेका बीचं टोक घासलं, आतला फिकट गर दिसेपर्यंत. मग बिया ओल्या कापसात, कापूस प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा न्हाणीघरात, बादलीमागे. सगळ्या घरात ओल टिकायची ती तिथंच.

लेक रांगायला लागली, तेव्हा गारव्याचा पत्ता तिलाही लागला.

त्या दुपारी दूध उतू जाईल म्हणून ती गॅसपाशी खोळंबली होती. एकाएकी तिला घर फार गप्प वाटलं. ती धावली. न्हाणीघराचं दार ढकललेलं, लेक बादलीला टेकून बसलेली, डब्याचं झाकण मांडीत. हनुवटीवर लाळ, लाळेत कापसाचा धागा. तिनं लेकीच्या तोंडात बोट फिरवलं. काहीच नव्हतं.

"किती बिया होत्या?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मोजल्या नव्हत्या."

चौकीदारानं नेमकं तेवढंच केलं नव्हतं.

"खेळतेय की छान!" नवरा आशेनं म्हणाला.

"आत्ता खेळेलच. याचा त्रास मागाहून सुरू होतो. तिला इथंच ठेवायचं, घरी न्यायचं नाही."

तिनं मावशीला फोन लावला. मावशी ओरडेल असं वाटलं होतं, पण तिनं अगदी हळू विचारलं, "खरवडल्या होत्यास?"

"हो."

"सगळ्या?"

त्या एका शब्दानं तिला जाऊबाई आठवल्या. मागच्या आठवड्यात जाऊबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या हाताला यश नाही बाई, तूच काय ते करून दे." तिनं मोठ्या हौसेनं बिया घासून, काड्यापेटीत भरून दिल्या होत्या. अगदी पेरायच्या तयारीत. आणि जाऊबाईंचा धाकटा तर दाराची किल्लीसुद्धा चघळतो.

तिनं जाऊबाईंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. परत लावला. नवरा गाडीची चावी घेऊन त्यांच्या घरी जायला जिना उतरत सुटला. कडेवरची लेक तिचं कानातलं ओढून खिदळली, आणि ते हसू तिला सोसवेना.

कानाला फोन, डोळे दाराकडे. दवाखान्याच्या व्हरांड्यात जो दिसेल त्याला ती एकच विचारत होती. आता तुम्ही इथवर वाचत आला आहात, तर ती तुम्हालाही विचारते आहे: तुमचं लेकरू आत्ता कुठं आहे? घर फार शांत तर नाही ना? हे खाली ठेवा. आधी बघून या.