निनावी लेखकाच्या अभिनंदनाचा फलक

मी एक फलक बोलतोय, आणि तोही पालथा पडून. 'फ्लेक्स' हा शब्द माझ्यासमोर उच्चारू नये, ही नम्र विनंती. आमच्या देवळाली प्रवरेत त्याचे 'फलेक्स' होते आणि मला अंगावर चिखल उडाल्यासारखे वाटते. ज्याच्या छातीवर एवढी विशेषणे छापली गेली, त्याला स्वतःसाठी एक स्वच्छ नाम निवडण्याचा अधिकार असावा.

माझा जन्म राहुरीतल्या एका छपाईच्या दुकानात झाला. यंत्राच्या एका बाजूने मी कोरा आत गेलो आणि दुसऱ्या बाजूने हार्दिक अभिनंदन होऊन बाहेर पडलो. मध्ये बालपण वगैरे काही नाही. शाई वाळायच्या आत आम्हां फलकांना चौकात उभे राहायचे असते.

मला जन्माला घालण्याची कल्पना छगनची. हा छगन टेम्पो चालवतो आणि फावल्या वेळात चौकातल्या मित्रमंडळाचे अध्यक्षपद भूषवतो. त्याला फावला वेळ पुष्कळ असतो. माणसावर प्रेम असेल तर त्याचा फलक लागलाच पाहिजे, अशी त्याची अढळ श्रद्धा आहे. कुणी दहावी उत्तीर्ण झाले, फलक. कुणी नवा ट्रॅक्टर आणला, फलक. कुणाच्या म्हशीने प्रदर्शनात बक्षीस मिळवले, तर म्हशीचाही फलक. आणि जाणकार सांगतात की त्यावर म्हैस मालकापेक्षा देखणी दिसत होती.

आता माझ्या छातीवर ज्याचे नाव आहे, त्याच्याविषयी सांगतो. सूर्यभान हा छगनचा लहानपणापासूनचा मित्र. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचा त्याचा धंदा. हात सोन्याचा, पण त्या हाताला दारूची सवय लागली होती. दारूच्या आड आणखी एक दुखणे होते, ते कुणाला दिसत नव्हते. त्याचे मन अधूनमधून विझून जायचे. मग दुकानात बसल्या जागेवरून उठणेसुद्धा त्याला डोंगर चढण्यासारखे व्हायचे. अखेर छगननेच त्याला टेम्पोत घालून व्यसनमुक्ती केंद्रात नेले. वाटेत सूर्यभान रडत होता आणि छगन गाणी लावत होता. प्रत्येकाची मदत करण्याची रीत वेगळी असते.

त्या केंद्रात ज्ञानेश्वरीताई समुपदेशनाचे काम करतात. तिथून बरी होऊन जाणारी माणसे पोटात पुष्कळ काही घेऊन जातात आणि ते उतरवायला त्यांना जागा नसते, हे ताईंच्या ध्यानी आले. म्हणून त्यांनी महाजालावर एक नियतकालिक सुरू केले. नाव ठेवले 'सांगावंसं वाटलं'. नाम सोडून अख्खे वाक्य नावाला घ्यावे, हे माझ्या अभिरुचीला रुचले नाही. पण मला विचारतो कोण? मन आजारी पडलेल्यांनी, व्यसनातून सुटलेल्यांनी आणि सुटू पाहणाऱ्यांनी तिथे लिहायचे, आणि कुणीही ते मोबाईलवर वाचायचे. नियम एकच होता: लेखकाचे नाव छापायचे नाही, गावही नाही.

आरंभी कुणी लिहीना. एकाने गुलाबाचे चित्र टाकून 'शुभ सकाळ' पाठवले. दुसऱ्याने कांद्याचा भाव विचारला. ताई बिचाऱ्या एकट्याच संपादकीय लिहीत राहिल्या. अशा वेळी सूर्यभानने लेख धाडला. त्यातली तीन वाक्ये माझ्या कानांवर इतक्यांदा पडली, की ती मला मुखोद्गत आहेत. 'मोटार जळाली की वास सुटतो आणि लोक धावत येतात. माणूस आतून जळतो तेव्हा वास येत नाही. आला तर दारूचा येतो, आणि लोक लांब जातात.'

तो लेख पुणतांब्यापासून सुप्यापर्यंत मोबाईलवरून फिरला. कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नव्हते. हळूहळू दुसऱ्यांचेही लेख ताईंकडे येऊ लागले. तो पहिला लेख आपला, ही गोष्ट सूर्यभानने मात्र घरात चांगुणाला, म्हणजे बायकोला, आणि बाहेर एकट्या छगनला सांगितली. छगनने टेम्पोत बसून लेख वाचला. ढसाढसा रडला. रुमालाने तोंड पुसले आणि टेम्पो थेट राहुरीकडे वळवला.

छपाईच्या दुकानात रेश्माताई संगणकावर बसल्या होत्या. त्यांनी मजकूर ऐकून मान वर केली.

"छगनभाऊ, निनावी लेखक म्हणता, आन् नाव छापायचं म्हणता?"

"निनावी हाय म्हनून तर छापायचं! न्हाईतर लोकान्ला कळंल कसं?"

"त्यांना विचारलं का?"

"आनंदाची बातमी इचारून देत्यात व्हय? आन् शुभेच्छुकांत आसारामचा फोटू घ्या. मोठा घ्या."

"आसाराम? देशी दारूच्या दुकानाचा?"

"गिऱ्हाईक गेलं तरी रुसला न्हाई त्यो. मन मोठं हाय."

असा मी सिद्ध झालो. मध्यभागी सूर्यभानचा आडवा पसरलेला चेहरा, डोक्यामागे तेजोवलय, आणि खाली ठळक अक्षरांत: 'दारू सोडून व नैराश्यावर मात करून साहित्यक्षेत्रात पदार्पण केल्याबद्दल गावचे लाडके निनावी लेखक श्री. सूर्यभानशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!' त्याखाली शुभेच्छुकांची दाटी. कुणी गॉगल घातलेला, कुणी कानाला मोबाईल लावलेला. छायाचित्र काढताना पलीकडे कोण बोलत होते, हे कोडे मला आजतागायत सुटलेले नाही.

चौकातल्या कडुनिंबाला आणि समोरच्या खांबाला आडवा बांबू बांधून मला त्यावर टांगले. नारळ फोडला. खरे सांगतो, त्या क्षणी मला धन्य वाटले. लोक येत, आधी स्वतःचा फोटो शोधत, सापडला की तो शेजारच्यापेक्षा लहान आहे का ते बघत, आणि मगच अभिनंदन कुणाचे आहे ते वाचत. वाचले की मात्र गप्प होत. हे मौन आदराचे असावे, असा माझा समज होता.

सूर्यभान तेव्हा एका विहिरीवर मोटार बसवायला गेला होता. परतताना चौकात त्याने दुचाकी थांबवली. माझ्याकडे पाहिले. अभिनंदन झालेल्या माणसाचा चेहरा मी माझ्या छातीवर पाहत होतो. समोर उभ्या माणसाचा तसा नव्हता. तो दुचाकी वळवून घरी गेला आणि दुकान उघडायला पुन्हा बाहेरच पडला नाही.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीताई चौकात आल्या. छगन पुढे धावला.

"या ताई, या! कसा झालाय फलेक्स?"

"छगनभाऊ, तुम्ही हे काय करून ठेवलंत? सकाळपासून लोक फोन करून आपापले लेख काढून घ्यायला सांगताहेत. 'तुमच्याकडं लिहिलं की चौकात फलेक्स लागतो म्हणे,' असं एक बाई म्हणाल्या. असंच चाललं तर मला नियतकालिक बंद करावं लागेल."

"अवो पन मी तर चांगलंच छापलंय! एक वाईट शब्द दाखवा."

"शब्द चांगलेच आहेत. पण ते त्याचे होते, कुणाला द्यायचे ते त्याने ठरवायचं होतं." ताईंचा आवाज खाली आला. "तो माझा फोन उचलत नाही. चांगुणावहिनी म्हणतात, कालपासून जेवला नाही. खिडकीतून आसारामच्या दुकानाचा रस्ता बघत बसलाय."

छगन फुगलेल्या पुरीला सुई लागावी तसा खाली बसला.

आणि मी? माझ्या अंगावर तेजोवलय छापलेले होते. पण त्या दिवशी वाऱ्यावर फडफडायचीसुद्धा मला लाज वाटली.

त्यानंतरच्या दुपारी, ऊन ऐन भरात असताना, सूर्यभान आला. एका खांद्यावर शिडी, खिशात पक्कड. आसारामच्या दुकानाची वाट याच चौकातून जाते, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्या पावलांवर होत्या. पावले कडुनिंबापाशी थांबली. बघता बघता चौक गोळा झाला. एकाला वाटले, सत्कारमूर्ती स्वतःला हार घालायला आली. माझ्याखाली सावलीला मेथीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या आक्काबाई, ज्यांना वाचता येत नाही, त्या म्हणाल्या, "मेल्यांनो, निवडनूक कंदी हाय ते तरी सांगा!"

छगन शिडीशी आला. "सूर्यभान, माझं ऐक तरी."

"तुला येकट्याला सांगितलं हुतं, छगन."

"मंग येकटाच हाय की मी! बाकीचे निस्ते फोटूला हायेत."

सूर्यभान शिडी चढला आणि पक्कडीने माझ्या दोऱ्या तोडू लागला. छगन खालून म्हणत होता, "म्या काढतो, तू उतर". दुसरा म्हणत होता, "आरं, धरा फलेक्स". आणि धरायला म्हणून सगळेच माझ्याखाली शिरले. निम्म्या दोऱ्या तुटल्यावर उरलेल्यांना माझा भार पेलेना. मी कोसळलो. अख्ख्या चौकावर पसरलो. शुभेच्छुक, आक्काबाई, मेथी आणि अध्यक्ष, सर्वांना मी एका दमात पोटाशी घेतले.

आत एकच गोंधळ उडाला.

"आरं, दिवा लावा कुनीतरी!"

"दुपार हाय, छगन."

"मंग मला दिसंना का?"

"माझी मेथी तुडवू नगा रं, मुडद्यांनो!"

धडपडून सगळे थकले. जो तो जिथे होता तिथे बसून राहिला. कुणाचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. मग त्या अंधारातून एक आवाज आला, अगदी हळू.

"सूर्यभान, वर हायेस का रं?"

"हाय."

"त्ये तू लिवलंस ना, मोटार जळाल्याचं... माझंबी तसंच हाय."

"कोन बोललं?" छगन ओरडला. "आवाज वळखीचा वाटतोय!"

"गप रं छगन!" सगळे एकदम म्हणाले.

थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यातून कुणी म्हणाले, "मला घेतल्याबिगर झोपच येत न्हाई. घरात वाटतं, मी हौसंनं पितो." मग एक बाई बोलल्या, "म्या दारूला शिवले न्हाई कंदी. पर चुलीम्होरं बसलं की उगाच रडू येतं. कुनाला सांगावं तर म्हनत्यात, तुला काय कमी हाय."

ही माणसे कोण, ते मला ठाऊक आहे. ती माझ्या पोटाशी होती. त्यांतला एक तर माझ्या अंगावर छापलेला शुभेच्छुकच होता. पण नावे सांगणार नाही. मी फलक असलो, तरी मला जनाची नाही पण मनाची लाज आहे.

सूर्यभान शिडीच्या पायरीवर बसून सारे ऐकत होता. त्याने पक्कड खिशात घातली.

"ताईंकडं लिवून पाठवा," तो म्हणाला. "माझा लेख ऱ्हानार हाय तिथं. काढीत न्हाई मी. फकस्त नाव टाकू नका." मग पुस्ती जोडली, "आन् छगनला दाखवू नका."

माझ्याखाली असे हसू उसळले, की मी समुद्रासारखा हिंदकळलो. त्या हसण्यातून छगनचा रडवेला आवाज आला: "सूर्यभान, चुकलं रं माझं. नवा फलेक्स लावून माफी मागू का?"

सूर्यभान हसला. त्याचे हसणे मी प्रथमच ऐकले; माझ्या छातीवर छापलेल्या हसण्याशी त्याचे काहीही साम्य नव्हते.

माझ्याखालून बाहेर पडल्यावर कुणी कुणाकडे पाहिले नाही. सर्वांनी मिळून मेथीच्या जुड्या गोळा केल्या, विकत घेतल्या आणि त्या दिवशी गावात घरोघरी मेथीची भाजी झाली. सूर्यभान शिडी घेऊन आला त्याच वाटेने घरी गेला, आणि संध्याकाळी दुकानात मोटार भरण्याचा आवाज घुमू लागला. ताईंच्या नियतकालिकात पुढचे लेख आले. काढून घेतलेलेही परतले.

आता ताई अधूनमधून कडुनिंबाखाली वाचनाची बैठक भरवतात. मोबाईलवर आलेले लेख मोठ्याने वाचले जातात. लिहिणारा तिथेच बसलेला असतो किंवा नसतो, कुणी विचारत नाही. बसायला मी असतो. छापील अंग मातीकडे आणि कोरी पाठ आकाशाकडे. पूर्वी मला वाटे, पाठ ही केवळ शाई न लागलेली जागा. आज तिच्यावर लोक जे ठेवून जातात, ते माझ्या छातीवर कधीच मावले नसते.

वाचकहो, आपण कधी इकडे आलात तर खुशाल माझ्यावर बसा. चप्पल मात्र बाहेर काढा. आणि खाली काय छापले आहे, हे बघायला कोपरा उचलू नका. उचलायला गेलात तरी तो उचलणार नाही. जिथे सूर्यभानचे नाव आहे, नेमका तिथे दर बैठकीला छगन येऊन बसतो. अध्यक्षांचे वजन मोठे आहे. वाचन संपून सगळे उठले, तरी तो शेवटपर्यंत तिथून हलत नाही.