मान सरळ करणारा मंत्र

गुरुवारी दिवस मावळला की मांत्रिक सुरोसोंच्या अंगणात अख्खं गाव लोटायचं. सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायचे. चटईवर तुमिरा बसलेली असायची, मान पिळवटलेली, डोळे वर चढलेले.

"बघा, भूत कसं मान मुरगाळतंय!" लवंगी सिगारेटचा धूर सोडत म्बाह गरजायचे. "ए भाडोत्र्या, भाडं न देता राहतोस होय रे?"

मग विड्याच्या पानातली पूड तिच्या जिभेवर आणि तासभर मंत्र. मान सरळ! लोक रांगेने म्बाहांच्या हाताचं चुंबन घ्यायचे. सर्वांत पुढे तुमिराची धाकटी बहीण वागिनी. तिच्या वडिलांच्या मयताला म्बाहांनीच आंघोळ घातली होती. तुमिराच्या मनाच्या आजारावर आरोग्य केंद्रातून दोन प्रकारच्या गोळ्या मिळायच्या. "सरकारी गोळ्यांनी भूत चवताळतं, पोरी. आण इकडे, पुरून टाकतो," असं ते म्हणाले, तेव्हा तिने दोन्ही प्रकारच्या गोळ्या मुकाट्याने नेऊन दिल्या. म्बाहांनी दिलेलं मंतरलेलं पाणी ती दर बुधवारपासून स्वतःच्या हाताने ताईला पाजायची.

एकदा मान गुरुवारी सकाळीच वळली. जीभ बाहेर आली, ताई घुसमटू लागली. म्बाह परगावी लग्नाला गेलेले. वागिनीने तिला मोटरसायकलवर घालून आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर रातानांनी एक इंजेक्शन दिलं. ना धूप, ना मंत्र, तरी थोड्याच वेळात मान सरळ झाली.

"मन शांत करणारी गोळी जास्त दिलीस का गं?"

"एकही नाही, डॉक्टरबाई. सगळ्या म्बाहांकडे दिल्या."

"मग कुणीतरी पाजतंय. त्या गोळीने काहींची मान अशी वळते, म्हणून तर दुसरी गोळी जोडीला देतो. तिचा गुण यायला तासभर लागतो."

तासभर! म्बाहांचे मंत्रही तासभरच चालायचे.

संध्याकाळी म्बाह परतल्यावर डॉक्टरांना घेऊन ती त्यांच्या गजबजलेल्या अंगणात शिरली. "म्बाह, गोळ्या कुठे पुरल्यात? उकरून दाखवा."

"भुताची जागा दाखवत नसतात."

तिने त्यांचा पानाचा डबा उपडा केला. गोळ्यांची ओळखीची पाकिटं खाली पडली, अर्धीमुर्धी रिकामी. "आमचंच औषध, म्बाह? आधी पाण्यात गोळी घालून मान वळवायची, मग दुसरीची पूड देऊन सरळ करून दाखवायची? बाबांना तुम्ही आंघोळ घातली होती हो!" म्बाह घाईघाईने पाकिटं गोळा करू लागले.

"गोळ्या वाईट नाहीत," डॉक्टर लोकांना म्हणाल्या. "सांगितल्या तेवढ्याच द्या. अंग आखडलं तर लगेच या. मनाने वाढवू नका, मनाने बंदही करू नका."

दुसऱ्या दिवशी वागिनीने गोळी पुढे केली. तुमिराने ओठ घट्ट मिटले.

"तूच पाजत होतीस," ती म्हणाली.

वागिनीला रडू आवरेना. मग तिने पाकिटावरचं नाव मोठ्याने वाचलं, गोळी कशासाठी, किती घ्यायची, त्रास झाला तर कुठे जायचं, सगळं सांगितलं. "अजून काय ते विचार, ताई. पटलं तरच घे. डोळे मिटून कुणाच्याच हातचं पिऊ नकोस. माझ्याही नाही."