गोलाचा भोंगा

कचेरीच्या फळ्यावर तक्रारीचा कागद दिसू नये म्हणून त्यावर दुसरा कागद डकवतात, हे आपण सारेच पाहतो. जून १९७८ मध्ये नागपूरजवळच्या एका रसायन कारखान्यात तेच झालं. क्लोरीनच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, या कामगारांच्या अर्जावर मॅनेजरांनी नोटीस डकवली : "खात्याखात्यांचे फुटबॉल सामने. प्रत्येक गोलाला भोंगा वाजेल."

भोंग्याची दोन बटणं होती. एक टाकीपाशी, दुसरं मैदानालगत टाइमकीपर रुपरावांच्या टेबलावर. रुपराव फुटबॉलवेडे, अर्जेंटिनातल्या विश्वचषकाची कात्रणं त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होती.

प्रयोगशाळेतल्या गोपिकाबाई चिडल्या. "रुपरावभाऊ, तो भोंगा धोक्याचा हाय. गोलाले काहून वाजवून राहिले?"

"काही बी बोलता बाई! अर्जेंटिना पाहा, सारी दुनिया नाचून राहिली!"

"तिथं लष्कराचं राज्य हाय. गायब झालेल्या पोरांच्या आया चौकात उभ्या राहतेत, ते कात्रण नाही लावलं? चौतीस साली इटलीच्या हुकूमशहानंही विश्वचषक असाच मिरवला. खेळ वाईट नाही, भाऊ. त्याच्या गलक्याखाली काय दाबलं, ते विचारा."

"तुमच्या प्रयोगशाळेच्या टीमले हरायची भीती वाटून राहिली वाटते!" रुपराव हसले.

कारखान्यातल्या अंतिम सामन्याला सारे मैदानावर होते. टाकीपाशी पाळीवर एकटे कामगार नत्थूजी.

भोंगा वाजला. "गोल! गोल!" माणसं नाचू लागली. रुपरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं, मग गुणफलक. शून्य-शून्य. चेंडू मैदानाच्या मधोमध. आणि त्यांचं बोट बटणावर नव्हतंच!

वाऱ्यावर उग्र वास आला.

"गोल नाही गा! गॅस सुटला! जिकडून वारा येते तिकडं पळा!"

गलक्यात रुपरावांचा आवाज बुडाला. लोक आणखी दोन मिनिटं नाचले. तोवर गोपिकाबाई ओलं फडकं तोंडाला बांधून टाकीकडे धावल्या होत्या. रुपराव त्यांच्यामागे. दोघांनी नत्थूजींना ओढून बाहेर काढलं.

नत्थूजी वाचले, आवाज मात्र गेला. दवाखान्यात ते कुजबुजले, "म्या तर वाजवला होता, भाऊ. कोणी काहून नाही आलं?"



दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आले. मॅनेजरांनी रुपरावांच्या सहीसाठी जबाब तयारच ठेवला होता : भोंगा वाजलाच नाही. रुपरावांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं : "भोंगा चार वाजून बावीस मिनिटांनी वाजला. आम्ही टाळ्या वाजवल्या."

नागरिकहो, खेळ जरूर पाहा, जल्लोषही करा. पण सत्ताधारी असोत की मालक, कोणी आपल्याला नाचायला बोलावलं, तर आधी इतकं विचारा : या नाचात कोणाची हाक आपल्याला ऐकू येणार नाही?