मागं न जाणारी मोटार

"रिव्हर्स बसवून द्या, मिस्त्री."

मोटारीखाली उताणा पडलेला श्रीमंत मिस्त्री सरपटत बाहेर आला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला, मनगटानं कपाळ पुसलं, कपाळावर ग्रीसचा पट्टा ओढून घेतला आणि समोर उभा असलेला छगन शुद्धीवर आहे ना, हे एकदा नीट बघून घेतलं.

"तू क्लच प्लेट दाखवायला आलायस ना?"

"तीबी बघा. पर रिव्हर्स आदी."

"अरे, किती वर्षं तुझ्या मागं लागलोय मी. गिअर बॉक्स उतरवतो, दात गेलेली चाकं बदलतो, मोकळा होतो. तर तू म्हणायचास, बाकी काय पायजे ते खोला, पण रिव्हर्सला हात लावू नका. आज काय झालं?"

"पारनेरकडं जायचंय. चांगुणाला आनायला."

"माहेरपणाला?"

"न्हाई. कायमची."

श्रीमंत मिस्त्रीनं हात फडक्याला पुसले. चांगुणा ही छगनची एकुलती एक पोर. तिच्या लग्नात मिस्त्री नगरहून तिसगावला जेवायला गेला होता, पोटभर बुंदी खाऊन आला होता. मग तो म्हणाला, "छगन, मोटार मागं जायला लागली हे लपून राहणार नाही बरं. लग्नाची वर्दी बंद झाली म्हणून समज."

"म्हाईत हाय," छगन म्हणाला आणि दारातल्या बाकड्यावर जाऊन बसला.

आता मोटार मागं जायला लागली तर लग्नाची वर्दी, म्हणजे नवऱ्या पोचवायचं भाडं, का बंद व्हावं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्यासाठी आधी त्या मोटारीची कुंडली सांगायला हवी.

काळी, चार दारांची, फुगीर पाठीची ती मोटार नगरच्या एका वकीलसाहेबांनी वापरून वापरून जुनी केली, आणि वकिलीतून निवृत्त होताना आपला ड्रायव्हर छगन यालाच देऊन टाकली. छगननं ती तिसगावच्या पेठेत आणून उभी केली त्या दिवशी सगळा बाजार सौदा सोडून तिच्याभोवती गोळा झाला होता. काय दिवस होते ते! एस. टी. यायची तेव्हा यायची, नाही आली तर नाही. अडलेली बाळंतीण असो, नगरला दवाखान्यात न्यायचा म्हातारा असो, नाही तर मढीच्या जत्रेला निघालेलं कुटुंब असो, मोटार एकच आणि ती छगनची. चौघांच्या जागेत नऊजण बसायचे, शिवाय दोन शेरडं पायाशी, आणि तरी उतरताना प्रत्येकाला वाटायचं की आपण राजासारखे आलो.

मोटारीला दुखणी मात्र भरपूर. नगरच्या स्टँडवर अशाच जुन्या मोटारींचे दोन-चार मालक भेटले, की सासुरवाशिणी भेटल्यासारखे आपापलं गाऱ्हाणं सांगत बसायचे. एकाच्या मोटारीचा शाफ्ट वेग धरला की थरथरायचा, तो इतका की मागं बसलेल्या माणसाची कवळी वाजायची. दुसऱ्याचा गिअर बॉक्स तेल प्यायचा तेवढंच खाली सांडायचा. छगनच्या मोटारीचा क्लच चढाला घसरायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं आणि मोटार जागची हलायची नाही. मागच्या चाकांमधल्या डिफरन्समधून 'हूंऽऽ' असा सूर निघायचा, त्यावरून शेतातल्या बायका मान वर न करता म्हणायच्या, छगन आला.

पण खरी गंमत दुसऱ्या गिअरची होती. करंजीच्या घाटात उताराला दुसरा गिअर आपोआप निसटायचा. हातात स्टेअरिंग, पायाखाली ब्रेक, मग गिअरचा दांडा धरायचा कोणी? म्हणून छगनच्या शेजारी बसणाऱ्यानं घाट संपेपर्यंत दांडा दाबून धरायचा, असा रिवाजच पडून गेला. लोक त्या जागेसाठी भांडायचे. मोठमोठे पागोटेवाले दांडा धरून असे बसायचे, जणू मोटार तेच चालवतायत. छगनला विचाराल तर सगळ्यांत चांगला दांडा त्याच्या बायकोनं, रतनबाईनं धरला. ती हिसका बसला तरी पकड सोडायची नाही आणि बोलायचीही नाही. लग्नानंतर नवराबायको शेजारी बसून कुठं जायची सोय त्या काळी नव्हती, ती ह्या दुसऱ्या गिअरनं करून दिली. त्यामुळं त्या दुखण्यावर छगनचा जीवच होता.

आणि मग एक दिवस रिव्हर्सचे दात गेले.

त्याच आठवड्यात पेठेतल्या केशरबाईच्या लेकीचं लग्न होतं. केशरबाई म्हणजे गावातलं भारी प्रस्थ. कुणाच्या घरी बारसं असो की बारावं, रीतभात सांगायला तीच. नवरदेवाकडच्यांनी एक जीप आणली होती. नवरी जीपमध्ये बसली, बाया रडल्या, आणि ड्रायव्हरनं समोरच्या भिंतीपासून सुटायला म्हणून जीप घेतली मागं. केशरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. नवरी बसल्यावर गाडी मागं सरकली तर पोर सासर सोडून मागं येते, ही आमच्या त्या भागातल्या बायकांची पक्की समजूत. तिनं लेकीला हाताला धरून खाली उतरवलं आणि इकडं तिकडं बघितलं. छगनची मोटार पलीकडं रस्त्याकडं तोंड करून उभी होती. उभी होती म्हणजे काय, सकाळी पोरांनी ढकलून वळवली होती, कारण तिला मागं जाताच येत नव्हतं.

"बघा," केशरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्याला म्हनत्यात रीत. न सांगता तोंड फिरवून ठिवलीया."

छगननं खरं सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात नवरी त्याच्या मोटारीत बसलीसुद्धा. मग त्यानंही मोटार सुरू केली. पुढं खरी गोष्ट फुटली, तर तिचा उलटाच परिणाम झाला. ह्या मोटारीला मागं जाणं ठाऊकच नाही, असं सगळीकडं झालं. झालं, पाथर्डी, शेवगाव, पार नेवाशापासून वर्दी यायला लागली. मुहूर्ताच्या आधी छगनच्या मोटारीचा दिवस विचारायचे लोक. रतनबाई मोटारीला झेंडूची तोरणं बांधायची, आणि पाठवणीच्या वेळी नवरीचा बाप हुंदके द्यायला लागला की छगन दार लावता लावता हमखास म्हणायचा, "रडू नका पाव्हनं. माझ्या मोटारीतून गेलेली पोर मागं येत न्हाई." बाप रडता रडता हसायचा. त्या हसण्यासाठीच छगन ते बोलायचा.

चांगुणाच्या लग्नात तो स्वतःच बाप आणि स्वतःच ड्रायव्हर. सगळं गाव वाट बघत होतं, हा आता काय बोलतो. छगननं दार लावलं, डोळे पुसले आणि नेहमीचं वाक्य नेहमीसारखं म्हटलं. गाव हसलं. पदराआडची चांगुणाही हसली.

त्याला आता काही वर्षं झाली होती. परवा एका नवरीला पारनेरच्या अलीकडं पोचवून छगन रिकामाच परत निघाला होता. चांगुणाचं सासर वाटेपासून थोडं आत. म्हटलं, पोरीला बघून जाऊ. दिवाळीला ती आली नव्हती, नागपंचमीलाही नाही; दर वेळी सासरहून निरोप यायचा, कामं आहेत. गावाबाहेरच्या आडावर ती पाणी ओढताना दिसली. आधी त्यानं ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली. बापाला बघून तिनं चटकन पदर डाव्या हातावर ओढला.

"काय झालं हाताला?"

"भाजलं. चुलीवर."

छगननं पदर बाजूला केला. भाजल्याच्या खुणा वेगळ्या आणि उलथन्याचे डाग वेगळे, हे कळायला काही शिकावं लागत नाही. एक जुना होता, दोन ओले होते.

"कोन? जावई? भीमा?"

"त्ये धरत्यात. सासू डाग देती." ती आडाकडं बघत म्हणाली. "मूल न्हाई म्हनून."

"आन् तू सांगितलं न्हाईस आमाला?"

"सांगून काय करू, आबा? तुमच्या मोटारीतून गेलेली कुनी मागं आली न्हाई. आन् मी, तुमची पोर, आले तर? लोक काय म्हनतील तुमाला? कोन बसंल मोटारीत?"

तिनं घागर डोक्यावर घेतली आणि ती निघूनही गेली. ती मुळीच चिडून बोलली नव्हती. एवढ्या बापांना हसवलेलं आपलं वाक्य आपल्या पोरीनं मार खाताना दातांखाली धरून ठेवलं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याच क्षणी तिला मोटारीत घालून आणायला हवी होती. पण मोटारीचं तोंड गावाकडं, आणि ती वळवायची तर हात लावायला माणसं हवीत. पोरीला न्यायला आलेल्या माणसाची मोटार पोरीच्या सासरचं गाव कसं ढकलणार?

रिकामी मोटार वाटेवरच्या पोरांकडून वळवून घेऊन तो घरी आला आणि त्यानं रतनबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं काढून बाजूला टाकली.

"उद्याच्याला जावा," ती म्हणाली.

"बोळात घर हाय त्यांचं. मोटार वळत न्हाई तिथं."

"मग करून घ्या की नीट. मोटारच हाय ती, द्येव न्हाई."

म्हणून छगन मिस्त्रीच्या दारात बसला होता.

गिअर बॉक्स उतरवून, चाकं बदलून, परत चढवून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मिस्त्रीनं दुसऱ्या गिअरचंही बघू का म्हणून विचारलं, तर छगन म्हणाला, तेवढं राहू द्या. मग मिस्त्रीच्या बोळात त्यानं रिव्हर्स घालून बघितला. मोटार मागं निघाली आणि हा समोरच बघत राहिला. मान मागं वळवायची सवयच मोडली होती. मिस्त्री ओरडला नसता तर गटारात गेला असता.

"क्लच जपून वापर," मिस्त्री म्हणाला. मग खिडकीशी वाकून हळूच म्हणाला, "घेऊन ये पोरीला."

उन्हं चढायच्या आत छगन पोचला. बोळाच्या तोंडाशी न थांबता त्यानं मोटार थेट चांगुणाच्या दारापर्यंत घातली. दोन्ही बाजूंना हातभर जागा. ओट्यावर तिची सासू बनुबाई डाळ निवडत बसली होती.

"या इवाई. न सांगता सवरता?"

"चांगुणाला न्यायला आलोय."

"आत्ता कशी येईल? सुगीची कामं हायती."

"सुगी तुमची तुमी करा."

आतून भीमा आला. छगनचा जावई दिसायला देखणा, बोलायला गोड; लग्नात सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. तो म्हणाला, "मामा, शांतपनानं सांगतो. आज गेली तर परत ह्या घरात यायचं न्हाई तिनं."

"व्हय," छगन म्हणाला. "त्येच सांगाया आलोय."

चांगुणा उंबऱ्यात उभी होती. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा मोटारीकडं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती आली आणि मागच्या सीटवर बसली. भीमा हसला. बोळाच्या दोन्ही बाजूंना दारं उघडली होती, ओट्यांवर माणसं उभी होती, आणि एकही हात पुढं येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आता ढकलनार कोन?" बनुबाई म्हणाली.

छगननं मोटार सुरू केली, सीटच्या पाठीवर हात टाकला, मान पूर्ण मागं वळवली आणि रिव्हर्स घातला. किर्र आवाज करत मोटार पोरीला घेऊन मागं निघाली. सबंध बोळ ती तशीच मागं गेली, सावकाश. मान मागं वळवलेली असल्यामुळं एवढा वेळ छगनला पोरीचं तोंड दिसत होतं आणि तिला बापाचं.

नगर मागं टाकेपर्यंत चांगुणा खिडकीला धरून ताठ बसली होती. मग कधीतरी तिची मान कलली. घाटात दुसरा गिअर निसटायला लागला, तर छगननं एका हातानं दांडा दाबला, एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि मोटार अशी उतरवली की तिचं डोकं काचेवर एकदाही आपटलं नाही.

तिसगावचा बाजार भरलेला होता. नेहमीचा हूंऽऽ सूर ऐकून लोकांनी वाट दिली, आणि मग मागच्या सीटवर कोण आहे ते दिसल्यावर हातातले तराजू खाली ठेवले. छगननं मोटार दारापुढं उभी केली. रतनबाई धावत आली, दाराला हात घातला, तर त्यानं ओठावर बोट ठेवलं. तोंड उघडं टाकून पोर झोपली होती. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. नवराबायको मोटारीच्या सावलीत मातीतच बसली.

बातमी कळायला वेळ कितीसा लागतो? केशरबाई काठी टेकत तरातरा आली. तिच्या नातीची पाठवणी येत्या वैशाखात होती आणि मोटार आधीच सांगून ठेवलेली होती.

"छगन," ती लांबूनच गरजली, "मोटारीचं नाव घालवलंस रं!"

"व्हय आत्या," छगन बसल्या बसल्याच म्हणाला. "पर जरा हळू बोला. पोर झोपलीय."

केशरबाईनं वाकून काचेतून आत बघितलं. पदर सरकून डावा हात उघडा पडला होता, तो तिनं बराच वेळ बघितला. दुपार कलली होती आणि पलीकडच्या खिडकीतून ऊन थेट पोरीच्या तोंडावर येत होतं. म्हातारी मोटारीला वळसा घालून तिकडं गेली आणि खिडकीला पाठ लावून, ऊन अडवून उभी राहिली.