न पाहिलेलं चौथं सत्र

कॉलेजच्या मैदानावर टेवियन ओडम या खेळाडूचे हात मोजले तेव्हा आम्ही वेगवेगळ्या संघांचे सत्तावीस जण त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे होतो. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत फीत लावली गेली आणि मोजणारा ओरडला, "साडेएकतीस!" सत्तावीस माना एकदम वह्यांत गेल्या. अर्ध्या मिनिटात निम्मे लोक उकडलेल्या शेंगांच्या पातेल्याकडे वळले होते.

या फितीचा मला मनापासून संताप येतो. एकोणीस वर्षं मी मिसिसिपी आणि लुइझियानातली कॉलेजं पालथी घालून आमच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी पोरं हेरतोय. समोरच्या क्वार्टरबॅकनं चेंडू फेकायच्या आत त्याच्यावर झडप घालेल असा गडी शोधणं, हे माझं खरं काम. असा गडी दहा वर्षांत एखादा सापडतो. आणि सापडला की आमचे शहाणे आधी त्याचे हात मोजतात. बत्तीस इंचांच्या खाली असले तर म्हणे, अडवणारा त्याला लांबूनच ढकलून देईल. अरे, पण अडवणाऱ्याच्या हाताला तो लागला तर ना!

कवायती संपल्यावर टेवियन घाम पुसत थेट माझ्याकडे आला.

"सर, तुम्ही ऑक्टोबरात आमची मॅच बघायला आला होतात ना? आईनं तुमच्या संघाची टोपी ओळखली."

"आलो होतो की."

"मग शेवट पाहिलाच असेल! शेवटच्या चार मिनिटांत दोनदा आडवा केला त्यांच्या क्वार्टरबॅकला. इथं जो तो हातांचं रडगाणं गातोय. मी आईला म्हटलं, ते सर होते तिथं, त्यांनी पाहिलंय."

"पाहिलं," मी म्हणालो.

मी काहीएक पाहिलं नव्हतं. आमच्या धंद्यात शनिवारी दोन मॅच गाठायच्या असतात. तिसरं सत्र संपलं की गाडी काढायची आणि दुसऱ्या गावाला पळायचं. त्या दिवशी मला बॅटन रूजला पोचायचं होतं, एकशे ऐंशी मैल. रविवारी अहवाल लिहायला बसलो तर चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राचा रकाना कोरा. मग विली स्टॉग्नरला फोन लावला. विली दुसऱ्या संघासाठी हेच काम करतो, आणि तो त्या मॅचला शेवटपर्यंत थांबला होता.

"ओडम? दमला रे तो," विली म्हणाला होता. "हात कमरेवर ठेवून उभा. मी तर नावावर काट मारली."

तेच मी लिहिलं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायलो, आणि पुन्हा खाली सही माझी.

हात मोजले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटेलात न्याहारीला बसून त्या मॅचची फिल्म लावली, चौथ्या सत्रापासून. पोरगं कमरेवर हात ठेवून उभं होतं खरं, पण तेव्हा समोरच्या संघानं खेळ थांबवून घेतला होता. मैदानावरचे बावीसच्या बावीस जण तसेच उभे होते. खेळ सुरू झाला आणि टेवियननं तीनशे वीस पौंडांच्या अडवणाऱ्याच्या काखेखालून घुसून क्वार्टरबॅकला पाडलं. पुढच्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. माझी न्याहारी ताटात गार झाली. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण अहवाल बदलायचा तर चौथं सत्र पाहिलं नव्हतं हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून तो तसाच राहू दिला.

ड्राफ्टमध्ये सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात; त्याच्या आधीच्या आठवड्यात आमची बैठक होती. भिंतभर फळा, त्यावर पोरांच्या नावांच्या पट्ट्या. ज्याची पट्टी फळ्यावर नाही, त्याला आमचा संघ ड्राफ्टमध्ये घेत नाही, मग तो कितीही चांगला असो. आमचा मुख्य ग्रेडी प्रूइट टेवियनच्या पट्टीपाशी आला.

"साडेएकतीस. याला इथं कुणी चिकटवला?"

"मी," मी म्हणालो. "ग्रेडी, फितीचं राहू दे. पोराचा खेळ बघ."

"हार्लन, नियम तुला ठाऊक आहे. आखूड हातांचा मी घेतो, नाही असं नाही. पण तो शेवटपर्यंत न दमणारा हवा. आणि तुझाच अहवाल काय सांगतोय?" त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'चौथ्या सत्रात दमतो. हात कमरेवर ठेवून उभा राहतो.' आता बोल."

खोलीत बारा जण होते. गप्प बसलो असतो तर माझं काही बिघडत नव्हतं.

"ते वाक्य खोटं आहे."

"तूच लिहिलंयस ना?"

"लिहिलं मी. चौथं सत्र पाहिलं नव्हतं. विली स्टॉग्नरनं सांगितलं ते उतरवलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "विलीनं? अरे बाबा, विली बायकोलासुद्धा खरी भूक सांगत नाही!"

ग्रेडी हसला नाही. "फिल्म लाव," एवढंच म्हणाला. त्या दोन झडपा त्यानं तीनदा मागे नेऊन पाहिल्या. माझ्या जिवात जीव आला.

"पोरगा चांगला आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? मालक विचारतील, हात आखूड असताना का घेतला? मी सांगू की आमच्या माणसानं ऑक्टोबरात दमतो लिहिलं, आणि एप्रिलमध्ये म्हणतो दमत नाही? तुझं कुठलं वाक्य खरं धरू मी?"

"फिल्म खरी धर! डोळ्यांनी पाहिलंस ना आत्ता?"

"पट्टी काढ, हार्लन."

"ग्रेडी, चूक माझी आहे. त्या पोराला कशाला?"

"तूच काढ. आणि बाकीच्या अकरा पोरांचे अहवाल टेबलावर ठेवून जा. दुसरं कुणीतरी पुन्हा बघेल."

मी पट्टी काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. खरं बोलून पोराचं भलं झालं नाहीच, वर एकोणीस वर्षांचा शब्द गेला. गाडीत बसून मी स्टीअरिंगवर बुक्की मारली, तर हॉर्न वाजला आणि पार्किंगमधला रखवालदार दचकून बघायला लागला.

ड्राफ्ट तीन दिवस चालतो; दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत टेवियनचं नाव पुकारलं गेलं. त्याला विलीच्या संघानं घेतलं.

विलीनं मला फोन केला नाही. एवढी लाज त्याला होती. फोनवर निरोप आला तो टेवियनचा.

"सर, तुमच्या संघात यायचं होतं, पण असो. आई म्हणते, आमच्या गावात येऊन शेवटच्या मिनिटापर्यंत बसून पाहणारा माणूस विसरायचा नाही. तुमचा पत्ता पाठवा. तिला तिच्या हातचा केक पाठवायचाय."

जून उजाडला. पत्ता मी अजून पाठवलेला नाही.